जानरावांच्या ओंडक्याचं जहाज

"चाखून पाह्याचं असंन तर मीठ आणून देऊ काय?"

गीतांजलीने हे विचारलं तेव्हा तो माणूस शिवणीच्या लाकडाच्या फळीला नाक लावून, डोळे मिटून उभा होता. काखेत हेल्मेट, पाठीवर दप्तर, आणि चेहऱ्यावर असं समाधान की कोणी पुरणाचं पातेलं उघडून समोर धरलं असावं.

अमरावतीत बडनेरा रस्त्यावरच्या जानरावांच्या लाकडाच्या टालीत गिऱ्हाइकं यायची ती दारं-चौकटींसाठी. फळीवर टकटक करायची, भावावरून कुरकुरायची आणि चालती व्हायची. वास घेणारं गिऱ्हाईक गीतांजलीने सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ती तर लहानाची मोठी याच भुशात झालेली. जानराव त्या दिवशी परतवाड्याला लाकडाच्या लिलावाला गेले होते, म्हणून गल्ल्यावर लेक.

तो दचकला. कान लाल झाले. "नाई... म्हणजे... मले लाकूड पाहिजे होतं."

"ते दिसूनच राहिलं. कशासाठी?"

"जहाजासाठी."

गीतांजलीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे. रस्त्यावर ऑटो, धूळ आणि ऑक्टोबरचं ऊन. समुद्र म्हणाल तर सहाशे किलोमीटर लांब.

"केवढं जहाज?"

"अडीच फूट."

"अन् त्यात बसन कोण?"

"कोणीच नाई. कपाटावर ठेवाचं."

आता अशा माणसाला एक तर हाकलून द्यावं, नाही तर खुर्ची द्यावी. गीतांजलीने खुर्ची दिली. इथेच तिची चूक झाली म्हणा, किंवा नशीब उघडलं म्हणा.

त्याचं नाव गजेंद्र. मूळचा पातूरचा, अकोल्याच्या एका शिकवणी वर्गात फिजिक्स शिकवायचा. समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलेला, तोही कॉलेजच्या सहलीत, तोही बसच्या खिडकीतून. पण लाकडाची छोटी छोटी गलबतं करायचा त्याला नाद लागला होता. पहिलं गलबत त्याने कुरिअरने मागवलेल्या परदेशी पट्ट्यांचं केलं. दीड वर्षं खपून.

"मग मे महिना आला," तो म्हणाला. "सत्तेचाळीस डिग्री. दुपारी मी पेपर तपासून राहिलो होतो. कपाटावरून आवाज आला... टक्. थोड्या वेळानं आणखी एक, टक्. संध्याकाळपर्यंत सतरा तडे."

'सतरा' हा शब्द त्याने असा उच्चारला की हसू आलेलं असूनही गीतांजलीला हसवेना.

"म्हणून यावेळी सागवान घेतो म्हटलं."

"सागवान नाई," ती म्हणाली.

"काहून? सगळी जहाजं सागवानाचीच तर असतात."

"खरी असतात. शंभर माणसाच्या जहाजावर सागवानाची रेषा शोभते. तुमच्या अडीच फुटावर तीच रेषा म्हणजे पाळण्यातल्या पोरीले आजीचं नऊवारी. तुमाले बारीक पोताचं पाहिजे. हळदू. पूर्वी त्याच्या फण्या करत. अन् नवं नाई पाहिजे. आपल्या इथलं ऊन खाऊन बसलेलं पाहिजे. ज्याले तडकाचं होतं ते कवाचंच तडकलं, आता कितीबी तापलं तरी हूं का चूं नाई, असं."

गजेंद्र तिच्याकडे बघतच राहिला. आतापर्यंत तो लाकडांकडे जसा बघत होता तसा. वास मात्र घेतला नाही, एवढी अक्कल होती.

"असं लाकूड आहे?"

असं लाकूड टालीत एकच होतं. दारापाशी आडवा पडलेला, तासून चौकोनी केलेला हळदूचा ओंडका. तीस वर्षांपूर्वी कुठल्याशा लिलावातून आला, कोणी घेतला नाही, आणि जानरावांची बैठक झाला. सकाळ-संध्याकाळचा चहा ते त्यावर बसून पीत. त्यावर बसूनच त्यांनी गीतांजलीची दोन स्थळं परत लावली होती. मुलगा पाहायला आला की जानराव त्याच्या हातात लाकडाचा एक तुकडा द्यायचे आणि विचारायचे, "हे काय आहे?" पहिल्याने सागवानाला आंबा म्हटलं. दुसऱ्याने "प्लायवूड" म्हटलं. त्याच्या हातातला कप जानरावांनी अर्ध्या चहासकट परत घेतला होता.

गीतांजलीने लाकूड चिरायच्या आरामशीनवरच्या जयवंता मिस्त्रीला हाक मारली. "काका, या ओंडक्याच्या खालच्या अंगानं एक पाटी काढून द्या. अर्धा इंच."

जयवंताने कानावरची पेन्सिल काढली, परत लावली. "मालकाच्या बुडाखालून?"

"अर्ध्या इंचानं कोणाले कळते?"

गजेंद्रला दोन मिलिमीटरच्या पट्ट्या हव्या होत्या. ते ऐकून जयवंताला मनापासून वाईट वाटलं. "बापू, माह्यं पातंच तीन मिलिमीटर खाते. तुले लाकूड कमी अन् भुसाच जास्त भेटन." शेवटी अर्ध्या इंचाची पाटी घेऊन घरी हातकरवतीने चिरायचं ठरलं. जाताना गजेंद्र पुन्हा वळला.

"तो भुसाही देता का? फटी भराले लागते."

जयवंताने गीतांजलीकडे बघून कपाळाशी बोट फिरवलं. गीतांजलीने भुसा एका पिशवीत भरून दिला, वर गाठ मारून.

तेव्हापासून महिन्यातले दोन रविवार गजेंद्र अकोल्याहून अमरावतीला यायचा. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, आणि न्यायचं काय, तर एक पाटी. डोलकाठीसाठी आणखी काही, दोर ओढायच्या कप्प्यांसाठी आणखी काही. दर वेळी टिफिनच्या डब्यात झालेलं काम घेऊन यायचा. एकदा गीतांजलीच्या आईने, पार्वताबाईंनी, मास्तर उपाशी आलेला दिसतो म्हणून तो डबा गरम करायला घेतला. झाकण उघडलं तर आत चोवीस वाकडे तुकडे, सगळे एकाच वळणाचे.

"अय माय, हे काय व?"

"जहाजाच्या बरगड्या आहेत, आई."

"बाप्पा. बरगड्या आहेत, मग पोट कुठं आहे?"

"तेच तर करून राहिले ते."

"तोवर त्याच्या पोटाचं पाह्य मग," असं म्हणून पार्वताबाईंनी त्याला भाकर-पिठलं वाढलं. तो दोन भाकरी जेवला आणि पोळपाटाचा वास घेऊन म्हणाला, "बाभूळ?" पार्वताबाई त्या दिवसापासून त्याच्या बाजूच्या झाल्या, पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

इकडे जानरावांची बैठक खाली खाली जात होती. गजेंद्र आला की जानराव लिलावाला, लग्नाला, नाही तर दुपारच्या झोपेला गेलेले असायचे. गेलेले नसले तर गीतांजली त्यांना पाठवायची. फाल्गुनात एकदा चहाचा कप हातात घेऊन ते बराच वेळ आपल्या गुडघ्यांकडे बघत बसले.

"जयवंता, माह्ये पाय लांब होऊन राहिले काय गा?"

"या वयात माणूस बसतेच खाली, मालक," जयवंता म्हणाला आणि घाईघाईने मशीन सुरू केली.

एका रविवारी गीतांजलीने विचारलंच. ती हिशेबाच्या वहीत मान घालून बसली होती, म्हणजे वही उलटी होती, पण मान घातलेली होती.

"अकोल्यात लाकूड भेटत नाई काय?"

"भेटते की."

"मग इतक्या दूर काहून येता?"

गजेंद्र हातातली पट्टी उगीच वाकवून बघत राहिला. "तिथं... वास घेतला तर मीठ आणून देऊ का म्हणून कोणी विचारत नाई."

गीतांजलीने वही मिटली. आरामशीन बंद होती, बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, आणि दोघं आपापल्या जागी मूर्खासारखी हसत होती.

पण हा गडी पुढे बोलेना. चैत्र गेला, मे गेला, जुलै गेला. जहाजाला पोट आलं, वर फळ्या आल्या, डोलकाठ्या आल्या. गजेंद्रच्या तोंडातून मात्र जे यायचं ते येईना. आणि ऑगस्टमध्ये जानरावांनी स्थळ आणलं.

मुलगा मनोज, नांदगाव खंडेश्वरचा. संत्र्याची बाग, घर पक्कं, स्वभाव गरीब. जानराव स्वतः जाऊन बघून आले होते, आणि खिशात तुकडा नेला होता. मनोजने हातात घेतला, नखाने खरवडला आणि म्हणाला, "तिवस. आमच्या वखराले हेच होतं." पहिल्या झटक्यात. जानराव घरी आले ते नाचायचेच बाकी.

"तान्ह्या पोळ्याले येतात पाहाले," ते म्हणाले. "यावेळी मी नाई म्हणत नसतो."

पुढच्या रविवारी गीतांजलीने गजेंद्रला सांगितलं. स्पष्ट, एका दमात. पाहुणे येऊन राहिले, बाबांना मुलगा पसंत आहे, अकरा दिवस आहेत.

गजेंद्रचा चेहरा उतरला. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाला, "अकरा दिवसात... दोर बांधाचे बाकी आहेत. शीड बाकी आहे."

गीतांजलीच्या मनात आलं, तेच शीड घेऊन याच्या डोक्यावर हाणावं.

"मी जहाजाचं नाई विचारून राहिली."

"मले माहीत आहे. पण मले तुमच्या बाबांशी बोलाचं आहे. अन् ते मी... पूर्ण जहाज समोर ठेवून बोलीन. माह्यापाशी बाग नाई, टाल नाई. दाखवाले एवढंच आहे. तेबी अर्धं घेऊन कसं जाऊ?"

तो गेला, आणि गीतांजली स्वयंपाकघरात जाऊन कांदे चिरत रडली. घरात त्या दिवशी कांद्याची कुठलीच भाजी नव्हती. पार्वताबाईंनी चिरलेल्या ढिगाकडे पाहिलं आणि गपचूप भज्यांचं पीठ कालवलं. या कूर्मगतीच्या मास्तरावर आपला जीव जडलाय, आणि तो हातचा गेला तर आपल्याला दुसरं कोणी नको आहे, हे गीतांजलीला त्या कांद्यांपाशी पुरतं कळलं.

तान्हा पोळा उजाडला. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान झाला होता, आज लेकरांच्या लाकडी नंद्यांचा. चाकं लावलेला नंदी दोरीने ओढत लेकरं दारोदार फिरतात. दारात नंदी आला की त्याला ओवाळायचं आणि ओढणाऱ्याच्या हातावर बोजारा ठेवायचा. पैसे म्हणा, खाऊ म्हणा. रिकाम्या हाताने नंदी परत पाठवत नाहीत. त्यामुळे त्या सकाळी जयवंता मिस्त्रीला मान वर करायला फुरसत नव्हती. कोणाचं चाक निखळलेलं, कोणाचा नवाकोरा नंदी चाकांशिवाय. बाकावर रांग लागलेली.

नऊ वाजता गजेंद्र पोचला. एसटीने, कारण मोटरसायकलवर जहाज बसत नव्हतं. अकोल्यापासून मांडीवर धरून आणलेलं. अकरा दिवसांत तो मिळून वीस तास झोपला असेल. दोर झाले होते, दोन्ही शिडं चढली होती. जयवंता मशीनमागे कसलातरी दांडा कापत होता. गजेंद्रने जहाज अलगद बाकावर ठेवलं आणि चार वाक्यं पाठ करायला समोरच्या चहाच्या टपरीवर गेला. पाठ व्हायला वीस मिनिटं लागली. फिजिक्सचा माणूस, पाठांतर कच्चं.

परत आला तेव्हा जहाज चार लाल चाकांवर उभं होतं.

पुढे नाकाला दोरी, कपाळाला हळद-कुंकू. तळातून दोन आस आरपार गेलेले.

"शिवणीची लावली," जयवंता कौतुकाने म्हणाला. "हलकी राह्यतात."

गजेंद्रने एका चाकाला बोट लावून पाहिलं.

"कपाटावर ठेवाचं म्हनत होता ना तू? मग आज आनलं, म्हनलं चाकासाठीच आनलं असंन. मांगच्या साली एकानं हत्ती आनला होता." जयवंताने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज बारीक झाला. "चाकासाठी नव्हतं काय गा?"

गजेंद्र मटकन ओंडक्यावर बसला. ओंडका आता इतका खाली गेला होता की त्याचे गुडघे कानांपाशी आले. अशा अवस्थेत गीतांजलीने त्याला पाहिलं. ती टालीमागच्या घरातून मागच्या दाराने आली होती, मोतिया रंगाची साडी, केसात गजरा, आणि धावल्यामुळे लागलेली धाप.

तिने जहाज पाहिलं, चाकं पाहिली, जयवंताला पाहिलं. जयवंता मशीनमागे गेला.

"आता हे तरंगणार नाई," गजेंद्र म्हणाला.

"तसंही पाणी कुठं होतं?"

"पूर्ण करून बोलणार होतो मी. अकरा महिने, गीतांजली. एक तडा नाई पडू दिला." पहिल्यांदाच त्याने तिचं नाव घेतलं होतं, आणि त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. त्याचे डोळे भरले होते.

पण घरात मनोजकडचे पाहुणे येऊन पोहे खात होते. वेळ नव्हता.

"मले एक सांगा. तुमी चहाच्या टपरीवर काय पाठ करून राहिले होते?"

"...तुमच्या बाबांले बोलाचं होतं ते."

"त्यात मी होती?"

"चारही वाक्यात."

गीतांजलीने पदर खोचला, वाकली आणि जहाजाची दोरी हातात घेतली. "या माह्या मागं."

टालीतून बाहेर, गल्लीला वळसा घालून, घराच्या पुढच्या दाराकडे जहाज निघालं. चाकं करकरत होती, शिडं हलत होती. गल्लीतल्या लेकरांनी आधी तोंडं उघडी टाकून पाहिलं आणि मग आपापले नंदी घेऊन मागोमाग आली. सगळ्यात मागे गजेंद्र, फाशीला नेतात तसा.

दारात वरात थांबली. आत जानराव, मनोज आणि मनोजचे मामा. पार्वताबाई पोह्यांवर शेव घालत होत्या.

"हे काय व?" जानराव उठून आले.

"नंदी आहे, बाबा."

"याले शिंगं कुठं आहेत?"

"दोन डोलकाठ्या आहेत."

पार्वताबाईंनी कोणाला विचारलं नाही. आतून ताट आणलं, निरांजन लावलं, आणि जहाजाच्या नाकावर आणखी एक कुंकवाचं बोट टेकवून ओवाळायला लागल्या. ओवाळून झाल्यावर जानरावांचा हात सवयीने खिशाकडे गेला. "बोल, काय पाहिजे बोजारा?"

"मागीन ते देसान?"

"तान्ह्या पोळ्याले कोण नाई म्हणते?"

गीतांजलीने मागे वळून गजेंद्रकडे बोट केलं. "मग हे द्या."

गजेंद्र पुढे आला. चारही वाक्यं विसरला होता.

"काका, मी गजेंद्र, अकोल्याचा मास्तर. जहाज पूर्ण झाल्यावर बोलणार होतो. आता त्याले चाकं लागली, त्यामुळं ते पूर्ण झालं का बिघडलं, मले समजून नाई राहिलं. पण मले गीतांजली आवडते. लय आवडते. तिले मी पाहिजे असंन तर..."

"आत्ता मागतलं ना तुमाले," गीतांजली म्हणाली.

जानराव वाकले, जहाज उचललं आणि नाकाशी नेलं. डोळे मिटले. मग नखाने एकदा टकटक केली.

"हळदू," ते म्हणाले. "जुना. पंचवीस... नाई, तीस वर्षं उन्हात पडलेला." त्यांनी डोळे उघडले. लेकीकडे पाहिलं, मग लेकरांच्या गर्दीत लपलेल्या जयवंताकडे. "हे माह्या बुडाखालचं लाकूड आहे."

जयवंता एका नंदीचं चाक तपासायला खाली वाकला. तेवढ्यात मनोज पोह्यांची बशी घेऊनच उंबऱ्याशी येऊन उकिडवा बसला. त्याने दोराला अडकवलेली ज्वारीच्या दाण्याएवढी कप्पी चिमटीत धरली. "हे तर संत्र्याचं लाकूड आहे."

"हो," गजेंद्र म्हणाला. "बारीक कामाले त्याच्यासारखं नाई."

"अन् आमी चुलीत घालतो," मनोज हळहळला. "भोक कायनं पाडलं?"

"सुईनं. तापवून."

दोघं जहाजाशी डोकी लावून बसले. मामांनी घसा खाकरला. "मनोज, आपण पोरगी पाहाले आलो होतो."

"पाहून झालं ना, मामा. तिनं पाह्यला तो हा इथं बसून आहे."

जानराव अजून जहाजाच्या पोटावरून बोट फिरवत होते. सांधा न् सांधा. "मे महिना गेला याच्यावरून?"

"गेला, काका. ढाचा झाला होता, फळ्या अर्ध्या लागल्या होत्या. तीन दिवस मी समोर बसून होतो. टक् झालं नाई."

"किती महिने लागले?"

"अकरा."

"घाई नाई केली."

"नाई."

जानरावांनी जहाज खाली ठेवलं, चाकांवर, हलक्या हाताने. मग मामांपुढे हात जोडले. "माफ करा पाहुणे. तुमचा मुलगा सोनं आहे. पण सणाच्या दिवशी दारातून नंदी रिकामा पाठवता येत नाई." आणि गजेंद्रकडे वळले. "बोजारा दिला, मास्तर. पण मी बसू कशावर?"

"मी बनवून देतो, काका. माह्या हातानं."

लग्न माघात झालं. मनोज संत्र्याच्या लाकडाचं पोतं भरून आहेर घेऊन आला, आणि आता त्याचंही एक होडकं अर्धं झालं आहे. गीतांजली-गजेंद्रचं बिऱ्हाड अकोल्यात. जहाज कपाटावर आहे, चाकांसकट. चाकांच्या आसांची भोकं भरायला तिने भुसा जपून ठेवला होता, पण गजेंद्र म्हणाला, राहू दे, ते तरंगायला थोडंच केलं होतं, ते आपल्याला दारापर्यंत न्यायला केलं होतं.

जानराव अजून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा पितात. "जावई, बैठक कुठवर आली?" असं दर रविवारी दोघं टालीवर आली की विचारतात. बैठकीचं लाकूडच अजून पसंत पडायचं आहे. गजेंद्र टालीतली एकेक फळी नाकाशी नेतो, मान हलवतो, पुढे सरकतो. गल्ल्यावर गीतांजली बसलेली असते. खणात एक मिठाची पुडी असते. त्याने डोळे मिटले की ती पुडी काढून हळूच त्याच्या कोपरापाशी ठेवते, आणि तो डोळे न उघडताच हसतो.